फोरमनच्या घरचे दोन अँप

२ ऑक्टोबर

ती आज दुकानात आली.

मी काउंटरखाली वाकून एक जळकी वायर शोधत होतो आणि वरून आवाज — 'फ्यूज? तू इथे?' डोकं वर काढताना काउंटरची कड लागली. टेंगूळ आलंय. लिहितालिहिता चाचपून बघतोय, म्हणजे झालं ते खरंच झालं एवढी तरी खात्री.

फ्यूज हे नाव तिनेच ठेवलेलं, कॉलेजात. लवकर उडतो म्हणून. ती माझ्या एक वर्ष पुढे. मी तोंडी परीक्षेत सरांशी वाद घातला, जर्नल त्यांच्या टेबलावर आपटलं आणि जो बाहेर पडलो तो पुन्हा पायरी चढलो नाही. ती रीतसर पास झाली, नोकरीला लागली. मी मामाच्या दुकानात अँप्लिफायरची झाकणं उघडतो.

काम असं — तिच्या बाबांना घरी गाणं 'दबलेलं' वाटतं. स्पीकर मोठे, चांगले, अँप जुना. काय बदलायचं ते सांगा म्हणाली. मामाने माझ्याकडे बोट केलं. 'हा येईल बघायला. अर्धा इंजिनिअर आहे.'

अर्धा! तिच्यासमोर!

पायरी उतरताना ती वळली आणि म्हणाली, जरा लवकर कर, महिनाअखेरीला मी जातेय. नवीन नोकरी, विमानाने जावं लागेल इतकी लांब. बाबा इथेच राहणार, त्यांना घर सोडवत नाही. त्यांचं गाणं एकदा मनासारखं लागलं की मी मोकळी.

म्हणजे मी काम संपवलं की ती जाणार. छान. देव देतो तेही असं उलटं करून हातात ठेवतो.

४ ऑक्टोबर

गेलो होतो. दुसरा मजला, अरुंद जिना, कठडा तेलकट. बेल वाजवली, वाजवली, वाजवली. आतून गाण्याचा नुसता गडगडाट. शेवटी तिनेच न्हाणीघरातून ओल्या पायांनी येऊन दार उघडलं. सॉरी म्हणाली, बाबा गाण्यात असले की त्यांना जगाची शुद्ध नसते.

बाबा म्हणजे फोरमन. पत्र्याच्या कारखान्यात, पत्रा कापणाऱ्या प्रेस मशीनवर जन्म गेला. तिथे सगळे फोरमन म्हणायचे, आता गल्लीही म्हणते. उजव्या हाताची करंगळी अर्धी. आवाज असा की शेजारच्याला वाटावं भांडण चाललंय. मला बघून म्हणाले, 'या इंजिनिअर. हे गाणं कुणीतरी गोधडीत गुंडाळून ठेवलंय. बाहेर काढा.'

स्पीकर कमरेएवढे. प्रत्येकात खाली मोठा गोल भोंगा, ढोलासारखा आवाज देणारा, आणि वर बारीक आवाजासाठी छोटा. मी अँप उघडला, तपासला, फुंकर मारली, परत लावला. काहीही झालेलं नाही त्याला! ठणठणीत आहे. आवाज स्वच्छ. फक्त फोरमन बटण पार उजवीकडे पिळून ऐकतात.

ती दारात उभी राहून विचारत होती, काय झालंय? हात पुसायला तिने स्वतःचा टॉवेल दिला होता. निळा.

'अँप कमी पडतोय,' मी म्हणालो.

इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो — सरळ खोटं. 'काही झालेलं नाही' म्हटलं असतं तर आजच काम संपलं असतं.

५ ऑक्टोबर

मामाला विचारलं. तीन वाटा आहेत. मी कागदावर काढून दाखवल्या, मामा वेलची चघळत बघत होता.

एक — दुसरा एकच दणकट अँप. जुना काढा, नवा लावा, घरी या.

दोन — ब्रिज. अँपला दोन बाजू असतात, डाव्या स्पीकरची आणि उजव्या स्पीकरची. मागचा खटका दाबून दोन्ही बाजू जोडायच्या आणि सगळी ताकद एकाच स्पीकरला द्यायची. दोन स्पीकर, दोन अँप. ताकद भरपूर, पण अँप तापतो.

तीन — बाय-अँप. प्रत्येक स्पीकरमधल्या खालच्या मोठ्याला एक अँप, वरच्या छोट्याला दुसरा. स्पीकरच्या मागे वायर लावायचे वरचे-खालचे खिळे जोडणारी पितळी पट्टी असते, ती आधी काढायची. राहिली तर दोन्ही अँप एकमेकांच्या अंगात वीज सोडतात. एका म्यानात दोन तलवारी.

मामा म्हणाला, घराला एक बास. ज्याला एक पुरत नाही त्याला दोनही पुरत नाहीत, हे अँपचं आणि माणसाचं सारखंच. मग वेलची थुंकून म्हणाला, 'पण तू तीन चित्रं काढलीस. गिऱ्हाइकाला तू कधी दीड वाक्यही सांगत नाहीस. मामालाच मामा बनवतोस?'

कान तापले माझे. उठून आत गेलो.

खरा हिशेब असा. एक अँप म्हणजे एक खेप. ब्रिज म्हणजे जोडायला एक, तापतो का बघायला दुसरी. बाय-अँप म्हणजे वरचा-खालचा जुळवत बसायचं, कितीही खेपा. लोक आवाजावरून ठरवतात. मी जिन्यावरून ठरवतोय.

६ ऑक्टोबर

ब्रिज. आधी ब्रिज. मग जमलं नाही म्हणायचं आणि बाय-अँप. सगळ्या वाटा लांबच्या.

८ ऑक्टोबर

जोडलं. मामाला 'नेऊन दाखवतो' एवढंच सांगून दुकानातले दोन अँप उचलले.

ती जमिनीवर मांडी घालून बसली होती, मला एकेक पाना देत होती. कॉलेजात प्रयोगशाळेत तशीच बसायची, स्टुलावर एक पाय घेऊन. परत का नाही जात, म्हणाली. फॉर्म भरला की झालं. मी म्हटलं, त्या सरांचं तोंड बघायचं नाही. ती म्हणाली, 'त्यांनी त्या वर्षीच नोकरी सोडली. तू कुणावर रुसून बसलायस?'

 पान्याने बोट चिमटवून घेतलं.

बोलली बरंच. नवीन ठिकाणी खोली बघितलीये, खिडकी आहे, खाली बेकरी आहे. बोलताना चेहरा असा उजळत होता की मला त्या बेकरीवाल्याचा राग आला. मग एकदम आवाज खाली करून म्हणाली, बाबांची काळजी वाटते रे. आई गेल्यापासून ते आणि हे गाणं, एवढंच आहे.

फोरमन पाठमोरे पेपर वाचत होते. तिने हळूच विचारलं, 'बाबा, चहा?' हललेसुद्धा नाहीत. ती हसून म्हणाली, पेपरात गेले की संपलं.

निघताना आवाज दुप्पट झाला होता. फोरमननी अंगठा वर केला. मान तिरकी करून अजून ऐकत होते, पण ते नंतर आठवलं.

९ ऑक्टोबर

उडाला!

म्हणजे जळला नाही, स्वतःहून बंद पडला. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणी निरोप द्यायला घरी जमलेल्या, फोरमननी कौतुकाने गाणं लावलं, बटण नेहमीसारखं पार टोकाला — आणि मधल्याच ओळीत एका बाजूचा स्पीकर मुका. मग दुसरा. रबर जळल्याचा वास. तिचा फोन आला तसा सायकल मारत गेलो. अँपच्या पाठीला हात लावला तर चटका बसला.

त्यांचे स्पीकर चार ओहमचे. ब्रिज केलेल्या अँपला ते निम्म्याचे, दोनचे भासतात, आणि ओहम जितके कमी तितका अँपवर ताण जास्त. पाठीवर स्वच्छ लिहिलंय — ब्रिजमध्ये आठच्या खाली लावू नये. मला ठाऊक होतं! मला वाटलं, घरात कोण एवढा मोठा लावतोय.

आणि मी काय केलं? चूक माझी, तर ओरडलो फोरमनवर. सगळ्यांसमोर. 'एवढा मोठा कशाला लावता? लग्नाचा मांडव आहे का हा?' फोरमन माझ्या तोंडाकडे बघत राहिले.  ती बोलली. 'माझ्या बाबांशी ह्या आवाजात बोलायचं नाही.'

त्यानंतर दुकानात मामा. अँपच्या मागे लिहिलेलं वाचता येत नाही की वाचायचं नाही, ह्या मथळ्याखाली बरंच काही. सगळं बरोबर होतं म्हणून जास्त लागलं.

१० ऑक्टोबर

गेलो नाही. जेवलो नाही. आई म्हणाली, तुझा राग म्हणजे आपल्याच घराला लावलेली काडी, आणि मग हात शेकत तूच बसतोस. ताट झाकून ठेवलं तिने.

१२ ऑक्टोबर

फोरमन स्वतः दुकानात आले. मला म्हणाले, 'तुम्ही ओरडलात ते मला आवडलं. घरात हल्ली सगळे पुटपुटतात.' मग मामाकडे वळून, हे दोन्ही अँप राहू देत, मी विकत घेतो, पण तिसरी जी वाट आहे म्हणतो हा, ती करून द्या. पोरगी जाण्याआधी. तिला वाटलं पाहिजे की आता सगळं नीट आहे.

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी पट्ट्या काढायचा पाना शोधायला लागलो.

१३ ऑक्टोबर, रविवार

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

सकाळी गेलो. पट्ट्या काढल्या, दोन्ही खिशात टाकल्या. खालच्या मोठ्यांना पहिला अँप, वरच्या छोट्यांना दुसरा. ती आतल्या खोलीत बॅग भरत फोनवर कुणाशी तरी बोलत होती, हसत होती. कुणाशी ते कळेना. माझं अर्धं लक्ष तिकडे. कान त्या दाराला, हात ह्या वायरींना.

झालं म्हटलं. फोरमननी गाणं लावलं. दोन मिनिटं डोळे मिटून बसले. मग मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, 'आत्ता! आत्ता निघालं गोधडीतून.'

मी ऐकत होतो आणि मला काहीतरी भयंकर चुकल्यासारखं वाटत होतं. गाणाऱ्या बाईचे शब्द होते, पण स, श, च सगळे बोथट. झांजा नाहीत. तारांची किणकिण नाही. भिंतीपलीकडून यावं तसं. वाकून पाहिलं — वरचा अँप बंद. वीजच दिली नव्हती मी त्याला! छोटे स्पीकर मुके होते, आणि फोरमन म्हणत होते, निघालं.

हळूच वरचा अँप चालू केला. झांजा खणखणल्या, खोलीत कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं झालं. फोरमनच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. बंद केला. काही नाही. चालू. काही नाही. ते मान डोलावत होते, ठेक्यावर, समाधानाने.

स्पीकर नाही. अँप नाही. कधीच नव्हता. त्यांचे कान गेलेत. वरचा सगळा मजला गेलाय.

मग एकेक आठवत गेलं. बेल. चहा. पार उजवीकडे पिळलेलं बटण. ओरडलो तेव्हा माझ्या तोंडाकडे बघत राहिलेले. ओठ वाचत होते!

मी वर पाहिलं तर फोरमननी डोळे उघडले होते. माझा हात वरच्या अँपच्या बटणावर. ते माझ्या हाताकडे बघत होते.

आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं आणि पहिल्यांदाच मला तू म्हणाले. 'उद्या ये. ती ऑफिसात असताना.'

१४ ऑक्टोबर

गेलो. दार उघडंच ठेवलं होतं.

त्यांना माहीत आहे. वर्ष झालं असेल, कानाच्या डॉक्टरकडे गुपचूप जाऊन आलेत. प्रेसवर कानात बोळे घालायचे दिले होते; घातले की मशीनची नाडी लागत नाही म्हणून काढून ठेवायचे. डॉक्टर म्हणाला यंत्र लावा. नाही लावलं.

का, तर — 'कानात यंत्र दिसलं की ती बॅग उघडेल. मी तिला ओळखतो. आई आजारी होती तेव्हा पहिली नोकरी सोडली होती तिने. आता परत नाही सोडू द्यायची.'

म्हणून गाण्याचं निमित्त. गाणं दबलेलं आहे, अँप बिघडलाय, स्पीकर जुनेत, असं म्हणत राहिलं की ऐकू न येण्याला घरातल्या घरात एक कारण राहतं. माणसाचा दोष यंत्रावर. ती जाईपर्यंत एवढंच रेटायचं होतं त्यांना.

मी ताडकन म्हणालो, मग कालचं 'आत्ता निघालं' हे पण नाटक? ते म्हणाले नाटकच. काहीच फरक कळत नव्हता, पण तू एवढा खटपट करत होतास, कधीतरी निघालं म्हणायलाच हवं होतं. नेमकं तेव्हाच म्हटलं, जेव्हा म्हणायला नको होतं.

दोघेही हसलो. हसण्यासारखं काय होतं कोण जाणे. एक बाप पोरीने जावं म्हणून खोटं बोलतोय, एक गाढव तिने राहावं म्हणून. आणि दोघांनी मिळून दोन अँप जोडलेत.

मग त्यांनी ओट्याखालून पिशवी काढली. आत शिट्टीची किटली, बूड पार काळं, एका ठिकाणी भोक. परवा गॅसवर ठेवून विसरले, शिट्टी वाजत राहिली असेल, त्यांना काय पत्ता. धूर दिसला तेव्हा धावले. म्हणाले, अगदी अशीच दुसरी आणून दे, ती यायच्या आत. आणि तिला सांग की सगळं झकास झालंय. तुझ्या तोंडून पटेल तिला, तू शिकलेला आहेस.

किटली आणून दिली. अगदी तशीच. चहा केला आम्ही तिच्यात, नवेपणा जावा म्हणून. पट्ट्या अजून माझ्याच खिशात आहेत.

१५ ऑक्टोबर

सांगू?

सांगितलं तर ती राहील. नक्की राहील.

१६ ऑक्टोबर

सांगायलाच हवं असंही वाटतं. किटली होती म्हणून एवढ्यावर निभावलं. उद्या पडदा पेटेल. दारावर कुणी थापा मारत बसेल. हे काय गाण्यापुरतं आहे का? कुणीही शहाणा माणूस म्हणेल, मुलीला कळलंच पाहिजे.

पण हे सगळं मला आत्ताच का सुचतंय? ती माझी कुणी नसती, मला तिने राहायला नको असतं, तर सुचलं असतं का? तासन्तास हेच. चांगली गोष्ट वाईट कारणासाठी केली तर ती कोणती?

मामा म्हणाला, तुझ्या हातून आज तीन वेळा उलट्या बाजूने वायर लागली. घरी जा.

१८ ऑक्टोबर

फोरमनकडे रोज जातो. जुळवतोय असं म्हणून. खरं तर आम्ही पत्ते खेळतो. मी बोलताना तोंड त्यांच्याकडे ठेवायला शिकलोय. त्यांनी प्रेसचं सगळं सांगितलं — करंगळी कशी गेली, कोण रडलं, कोण हसलं. हरले की पत्ते फेकतात. माझ्यासारखेच. परत कॉलेजला जा म्हणाले. त्यांचं म्हणणं आईसारखं टोचत नाही.

बाबा लोक असे असतात हे मला माहीत नव्हतं. माझा कुठे होता घरी.

१९ ऑक्टोबर

सांगितलं.

असं सांगायचं नव्हतं. ती संध्याकाळी दुकानात आली, मामा बाहेर गेला होता. हातात माझ्यासाठी एक पेन — परीक्षेला वापर म्हणाली. मग काउंटरवर दोन्ही हात ठेवून आभार मानायला लागली. बाबा किती बदललेत. चिडत नाहीत. गाणं मनासारखं लागतंय. मी उगाच घाबरत होते. आणि मग —

'तू आहेस म्हणून मी जाऊ शकतेय, फ्यूज.'

हसत म्हणाली. मनापासून म्हणाली. माझ्या कानांत फक्त 'म्हणून मी जाऊ शकतेय' एवढंच वाजत राहिलं. म्हणजे ही सगळी खटपट, जिना, पट्ट्या, पत्ते, सगळं मी तिला पाठवण्यासाठी करत होतो! मीच!

डोकं फिरलं. तोंडून भसाभस निघालं. अँपला काही झालं नव्हतं, पहिल्या दिवसापासून. तुझ्या बाबांना ऐकू येत नाही. बेल येत नाही, किटली येत नाही, तू पाठीमागून हाक मारतेस ती येत नाही. डॉक्टरकडे जाऊन आलेत, त्याने कानाचं यंत्र सांगितलंय, तुझ्यापासून लपवलंय. किटली जळाली, ओट्यावर आहे ती मी आणलेली.

ती खाली बसली. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर.  मग अगदी हळू विचारलं, 'हे तू त्यांच्यासाठी सांगतोयस की तुझ्यासाठी?'

तिला माहीत होतं! माझं सगळं. किती दिवसांपासून कोण जाणे.

मी म्हणालो, मला माहीत नाही.

ती उठली. पेन काउंटरवरच राहिलं. मागे धावलो नाही.

२१ ऑक्टोबर

फोरमन आले. दारातच उभे राहिले, मामाने खुर्ची दिली ती घेतली नाही. नेहमीचा मोठा आवाज नव्हता.

म्हणाले, 'प्रेसवर एकच नियम होता. दुसऱ्याचा हात आत असताना बटणाला हात लावायचा नाही. का लावला, चांगल्यासाठी की वाईटासाठी, कुणी विचारत नाही.'

मी काही बोललो. खाली मान घालून बोललो, त्यामुळे त्यांना कळलं नसणार. कळलं असतं तरी ते थांबले नसते. गेले.

मामाने खुर्ची उचलून आत ठेवली. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

२३ ऑक्टोबर

आई भाजी घेऊन आली ती बातमी घेऊनच. फोरमनची शेजारीण भेटली होती. मुलीने विमानाचं तिकीट रद्द केलं म्हणे.

रद्द!

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि हसलो. आरशात बघितलं तर तोंड चोरासारखं दिसत होतं. तरी हसू जाईना. ती राहिली. माझ्यामुळे राहिली. शिव्या घालू दे, माझं तोंड नाही बघितलं तरी चालेल — पण दोन गल्ल्यांवर राहील. रागावलेली का होईना, ह्याच गावात असेल. राग उतरतो. मला विचारा.

२४ ऑक्टोबर

तिच्या खिडकीचा, खालच्या बेकरीचा विचार सारखा येतोय. ती खोली आता दुसऱ्याच कुणाची होणार. ते सांगताना तिचा चेहरा कसा होता ते आठवू नये असं ठरवलंय.

जमत नाही.

२५ ऑक्टोबर

ठरलं. रविवारी जायचं. दोघांनाही घरात गाठून. आधी फोरमनची माफी, पाय धरून, तोंडाकडे तोंड करून, स्वच्छ मोठ्याने. मग ते म्हणतील तेव्हा कानाच्या डॉक्टरकडे मीच घेऊन जाईन. आणि तिला सांगेन की तू जा. खरंच सांगेन. यंत्र लावलं की त्यांना बेल ऐकू येईल, मी रोज जिना चढेन, पत्ते खेळेन, किटलीवर लक्ष ठेवेन. तू जा. सुट्टीत येत जा.

हे आधीच सुचायला काय झालं होतं? एवढी सोपी वाट होती. तीन चित्रं काढत बसलो त्यात हीच नव्हती.

मामाला सांगितलं. तो म्हणाला, 'आता पूर्ण इंजिनिअर झालास.' चेष्टा नव्हती.

झोप चांगली लागेल आज.

२७ ऑक्टोबर, रविवार

दार उघडं होतं. आत एक रंगारी शिडीवर, खोली रिकामी, जमिनीवर कागद अंथरलेले.

घरचे कुठे, विचारलं. म्हणाला, काल सकाळीच गेले, घर सोडलं त्यांनी. एवढं सामान विमानात कुठलं बसायला, ट्रक केला. मुलगी म्हाताऱ्याला बरोबर घेऊन गेली.

'दोघंही?'

दोघंही, म्हणाला. ब्रश डब्यात ठेवून माझ्याकडे बघत होता. तुम्ही त्यांचे कोण?

जिना उतरलो.